ऐंशीच्या आत

रविवारी सकाळी साडेसहाला सुमेधा वळसंगकरचं वजन ब्याऐंशी किलो सहाशे ग्रॅम भरलं. मागच्या रविवारपेक्षा चारशे ग्रॅम जास्त.

काटा हॉलच्या मधोमध, टीव्हीसमोर ठेवलेला असतो. एका बाजूला नवरा हर्षवर्धन उभा होता, दुसऱ्या बाजूला सासू शशिकलाबाई. जानेवारीचा महिना, मोहालीजवळच्या मनीमाजऱ्यातला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, खिडकीबाहेर धुकं. वजनात भर नको म्हणून सुमेधा अनवाणी, पातळ गाऊनमध्ये उभी होती.

"उतर आणि परत चढ," हर्षवर्धन म्हणाला.

ती उतरली, परत चढली. आकडा तोच.

"बाथरूमला जाऊन आलीस का?" शशिकलाबाईंनी विचारलं.

"हो, आई."

"मग चारशे ग्रॅम आले कुठून? हवा खाऊन?"

हर्षवर्धन खुर्चीत बसला. त्याच्या डोळ्यांखाली सूज होती. दर रविवारी असते, कारण शनिवारी आणि रविवारी त्याचं रक्त कोणी धूत नाही. "तीन महिने झाले, तू ब्याऐंशीवर ठाण मांडून बसली आहेस," तो म्हणाला. "डॉक्टर काय म्हणाले? ऐंशीच्या आत. ऐंशीच्या आत आलीस की ऑपरेशनची तारीख. अडीच किलोवर माझा जीव टांगलाय, सुमेधा."

"मी काय मुद्दाम करतेय?" सुमेधा म्हणाली आणि अंगावर शाल घेतली.

हर्षवर्धन शेहेचाळीस वर्षांचा आहे, मोहालीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर. रक्तदाबाच्या गोळ्या त्याने सहा वर्षं टाळल्या. दीड वर्षापूर्वी दोन्ही किडन्या बंद पडल्या. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. किडनी कोण देणार, हा प्रश्न घरात फार दिवस चालला नाही. आईला मधुमेह. पुण्याचा धाकटा भाऊ सुबोध फोनवर रडला आणि मुलं लहान आहेत म्हणाला. राहिली सुमेधा. तिचा रक्तगट जुळला, सगळ्या तपासण्या जुळल्या. फक्त वजन एकशे एकवीस किलो होतं. एवढ्या वजनाच्या माणसाची किडनी काढता येत नाही, डॉक्टरांनी सांगितलं. जठराचा बराचसा भाग कापून टाकायचा, वजन उतरवायचं, मग बघू.

सुमेधाने हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्येच हो म्हटलं. कोणी आग्रह केला नव्हता, कोणाला दोनदा विचारावं लागलं नव्हतं. हे इथे सांगायला हवं, कारण घरात नंतर वेगळं बोललं गेलं.

तिच्या होकारात प्रेम किती होतं, ते ठरवणं कठीण आहे. लग्नाला सोळा वर्षं झाली होती. सोलापूरहून आली तेव्हा ती सडपातळ नव्हतीच. ऋजुताच्या जन्मानंतर ती वाढत गेली. हर्षवर्धनने तिला टायर म्हणायला सुरुवात केली. ऑफिसच्या पार्टीला तो तिला न्यायचा नाही. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ग्रुप फोटो निघत असला की ओरडायचा, "आमची टायर येतेय, दोघं जण बाहेर व्हा!" लोक हसायचे. सुमेधाही हसायची. आपण हसलो नाही तर ते अजून बोलतील, हे तिला कळत होतं.

जठराच्या ऑपरेशननंतर दहा महिन्यांत अडतीस-एकोणचाळीस किलो गेले. सुरुवातीचे दिवस औषधाच्या चिमुकल्या कपातून पाणी आणि गाळलेलं वरण. मग मऊ भात, दोन घास. पोळीचा तुकडा अडकला की छातीत दगड बसल्यासारखं व्हायचं आणि ती बेसिनकडे धावायची. केस कंगव्यात नाही, हातात यायचे. दंडाची कातडी वाळत घातलेल्या कपड्यासारखी लोंबू लागली. पोटाची घडी हाताने उचलून तिच्याखाली पावडर लावावी लागायची. कडक खुर्चीवर बसलं की माकडहाड टोचायचं. आपल्याला हाड आहे हे तिला बेचाळिसाव्या वर्षी समजलं. थंडी तर अशी वाजायची की ती मोज्यांवर मोजे घालून झोपायची.

डॉक्टरांचा एक हुकूम होता: पाण्याची बाटली हातातून सोडायची नाही, दिवसभर घोट घोट पीत राहायचं. हर्षवर्धनला हुकूम उलटा होता. दिवसाला तीन कप, त्यात चहा आणि आमटीही आली. त्याहून जास्त प्यायला तर पाणी फुप्फुसात साठायचं. तो थर्मासमध्ये बर्फाचे खडे ठेवायचा आणि तहान असह्य झाली की एक चोखायचा.

"माझ्यासमोर पिऊ नकोस," पहिल्या महिन्यात तो म्हणाला होता. तेव्हा ती उठून स्वयंपाकघरात जायची. आता जात नाही. सोफ्यावर त्याच्या शेजारीच बसते, झाकण उघडते, घोट घेते, झाकण लावते. तो टीव्हीकडे बघत राहतो. त्याचा गळा हलतो.

हे कुठून सुरू झालं, ते सांगता येतं. ऑक्टोबरमधल्या एका बुधवारी तिचं वजन ब्याऐंशीच्या जवळ आलं होतं आणि हर्षवर्धन खुशीत होता. डायलिसिसच्या हॉलमध्ये सहा खाटा, सहाही भरलेल्या. नवीन डॉक्टर राउंडवर आले आणि त्यांनी विचारलं, साथ में कौन है?

"ये मेरी स्टेपनी है, डॉक्टरसाब," हर्षवर्धन म्हणाला. "पहले ट्रक का टायर थी. अब हवा निकालकर कार के साइज़ की कर रहे हैं. फिट हो गई कि बस, गाडी चालू."

पलीकडच्या खाटेवरचे सरदारजी इतके हसले की त्यांच्या मशीनचा अलार्म वाजला. नर्स हसली. डॉक्टर हसू दाबत पुढे गेले. सुमेधा हसली नाही. एवढाच फरक होता.

डायलिसिसला चार तास लागतात. ते चार तास ती सेक्टर त्रेचाळीसच्या बसस्टँडवर काढते. कुठे जायचं नसतं. तिथे तिघांचे बाक आहेत. पूर्वी ती बाकावर बसली की उरलेल्या जागेत कोणी बसत नसे. लोक सामान घेऊन उभे राहायचे. आता बसतात. शिमल्याला निघालेली कॉलेजची मुलगी बसते, रजेवर निघालेला फौजी बसतो, सरकतो, "बैठ जाओ, जी, बहुत जगह है" म्हणतो. त्या बुधवारीही एक बाई तिच्या शेजारी बसली आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून झोपून गेली. सुमेधा जराही हलली नाही. मग बाई उठून बसमध्ये चढली आणि सुमेधाने समोरच्या स्टॉलवरून गोड लस्सी घेतली. घट्ट अन्न तिच्या पोटात राहत नव्हतं. पातळ आणि गोड मात्र हळूहळू घेतलं तर सहज उतरायचं. घोट घोट, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे.

पुढच्या रविवारी वजन उतरलं नव्हतं. तिला बरं वाटलं.

त्यानंतर ती कंडेन्स्ड मिल्कचे डबे आणू लागली. कोमट पाण्यात दोन-तीन चमचे, स्टीलच्या बाटलीत, दिवसभर. घरात सगळ्यांना वाटायचं पाणी आहे. डबे गणपतीच्या मखराच्या खोक्यात होते, माळ्यावर. ते खोकं भाद्रपदाआधी कोणी काढत नाही.

पण चौदा वर्षांच्या ऋजुताने काढलं. शाळेच्या प्रोजेक्टसाठी तिला थर्माकोल हवा होता.

"मम्मा, ये क्या है?" तिने विचारलं. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत येतं.

"दूध."

"बारह डिब्बे? इसी वजह से वेट नहीं उतर रहा?"

सुमेधाने तिच्या हातातला डबा काढून घेतला.

"पापा मर गए तो?"

"तुला ते काय म्हणतात?"

ऋजुताने अंगातला टी-शर्ट खाली ओढला. तीही अंगाने भरलेली आहे. तिला तो छोटी टायर म्हणतो.

"वो मज़ाक करते हैं," ती म्हणाली. "मज़ाक के लिए कोई किसी को मारता है क्या?"

"मी कोणाला मारत नाहीये. मी फक्त बारीक होत नाहीये."

"तो ना बोल दो ना सीधे!"

"आणि मग या घरात राहू कुठे? तुझी आजी, तुझा काका, मंडळातल्या बायका, सगळे काय म्हणतील? नवऱ्याला मरायला सोडलं."

"वही तो कर रही हो," ऋजुता म्हणाली, आणि खोकं तसंच टाकून निघून गेली.

तिने रविवारपर्यंत कोणाला सांगितलं नाही. त्या रविवारी चारशे ग्रॅम वाढलेले तिने दारातून पाहिले आणि दुपारी बापाला सांगितलं.

हर्षवर्धन ओरडला नाही. डबे डायनिंग टेबलावर ओळीने मांडले, एक उघडला आणि सुमेधाला समोर बसवलं.

"पी."

"अहो—"

"पी ना. माझ्या नकळत पितेस, आज माझ्यासमोर पी. पाणी न घालता. सगळा डबा."

"एकदम नाही जात मला. तुम्हाला माहीत आहे."

"मला सोमवारी चार तास सुया टोचतात, ते जातं मला?"

तिने डबा तोंडाला लावला. घट्ट, पिवळट धार. तो तिच्या गळ्याकडे बघत होता आणि स्वतःच्या कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत होता. अर्धा डबा झाला तेव्हा तिच्या कपाळावर घाम आला. मग हात थरथरू लागले, छाती धडधडू लागली, चेहरा पांढरा पडला. ती खुर्चीवरून घसरली आणि फरशीवरच ओकली. ऋजुता दारात रडत होती.

"हर्ष, पुरे कर!" शशिकलाबाई धावत आल्या. "तिला काही झालं म्हणजे? मंगळवारी हॉस्पिटलला जायचंय ना!"

सुमेधाने फरशीवरून वर पाहिलं. सासूच्या हातात पाण्याचा तांब्या होता.

"मंगळवारी डॉक्टरांसमोर सांग," हर्षवर्धन तिच्याजवळ उकिडवा बसून म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "देणार नाही म्हण. ऋजुताला समोर उभी करतो, तिच्या डोळ्यांत बघून म्हण. आहे हिंमत?"

"मी कुठे नाही म्हणतेय?" सुमेधा म्हणाली. "वजन उतरत नाही."

मंगळवारी साडेअकराला चौघं हॉस्पिटलमध्ये पोहोचली. ऋजुताला शाळेला पाठवलं नव्हतं. दात्याशी एकटं बोलायचा नियम आहे, म्हणून प्रत्यारोपण विभागाच्या समन्वयक बलजीत कौर यांनी सुमेधाला काचेच्या केबिनमध्ये घेतलं आणि दार लावून घेतलं. आतल्या काट्यावर वजन ब्याऐंशी किलो दोनशे भरलं. सुमेधा स्टूलवर बसली आणि खांदे सैल सोडले.

"खुशखबरी है जी," बलजीत कौर म्हणाल्या. "आपके पति के हाथ की नस खराब हो रही है, डायलिसिस ज़्यादा दिन नहीं खिंचेगा. इसलिए टीम ने कल फिर बात की. आपकी बाकी रिपोर्टें बढ़िया हैं. तिरासी तक ले लेंगे."

सुमेधाने विचारलं, "तिरासी? म्हणजे त्र्याऐंशी?"

"हाँ जी. वज़न का झंझट खत्म."

तिने बाटली उघडली. आज त्यात नुसतं पाणी होतं. एक घोट घेतला.

"अब बस एक बात मुझे आपके मुँह से सुननी है," बलजीत कौर म्हणाल्या. "यहाँ कोई नहीं सुन रहा. किडनी आप अपनी मर्ज़ी से दे रही हैं? हाँ कहेंगी तो इसी महीने की तारीख. ना कहेंगी तो बाहर हम सिर्फ़ इतना बोलेंगे कि आप मेडिकली फिट नहीं हैं. वजह नहीं बताते, ये हमारा कायदा है. किसी को पता नहीं चलेगा."

काचेपलीकडे हर्षवर्धन खुर्चीत बसला होता. थर्मास त्याने ऋजुताच्या मांडीवर ठेवला होता. ती झाकण उघडून त्याला बर्फाचा खडा देत होती आणि देता देता केबिनमध्ये बघत होती. किसी को पता नहीं चलेगा. एकीला तर खरं कारण आधीच माहीत होतं.

"मी... थोड़ा सोचूँ?" सुमेधाने विचारलं.

"सोचिए. एक बजे तक मैं यहीं हूँ."

बारा वाजता हर्षवर्धनने काचेवर पहिल्यांदा टकटक केली आणि भुवया उंचावल्या. बलजीत कौर यांनी त्याला हाताने थांबवलं. साडेबाराला शशिकलाबाई उठून दाराशी येऊन उभ्या राहिल्या. पावणेएकला सुमेधाची बाटली संपली. बलजीत कौर यांनी ती कूलरवर भरून आणली, तिच्यासमोर ठेवली आणि प्रश्न पुन्हा विचारला.

सुमेधाने झाकण उघडलं. बाहेर थर्मासमधला बर्फही संपला होता. ऋजुता थर्मास उपडा करून बापाला दाखवत होती.

एक वाजायला पाच मिनिटं होती, तोवर सुमेधाने उत्तर दिलेलं नव्हतं.