न फसणारी जीप

आबांची जीप कधीच फसली नाही, ही आमच्या घरातली सर्वमान्य गोष्ट होती. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेली ती जीप त्यांनी लिलावात घेतली होती. "चारही चाकं ओढतात तिची," आबा म्हणत. "फसेल कशी?"

त्यामुळे चौसष्ट सालच्या पोळ्याला, आबा जाऊन चार महिने झाले असताना, सडकेवरच्या उंद्रीपासून दोन मैल आत, गावच्या नाल्यापाशी ती माझ्या हातून चिखलात रुतली, तेव्हा दोष जीपचा नव्हता हे उघड होतं.

मला त्या दिवशी वेळेवर पोचायचंच होतं. आमच्या गावात पोळ्याच्या तोरणाखाली पहिली जोडी आमची उभी राहते. कासरा आबा धरायचे, त्यासाठी दरवर्षी अकोल्याहून एकटेच जीपने यायचे. त्यांना मुलगा नव्हता. मी होते, अकोल्याच्या कॉलेजात इतिहास शिकवणारी. आबांचे चुलतभाऊ रंगरावकाका, त्यांनी पत्र पाठवलं होतं : 'मंजुळा, येशील तर दादासारखी वेळेत ये. देवळाच्या कळसावर ऊन आहे तोवर वाट पाहू. नंतर मान आमच्या जोडीचा.' असा मान एकदा दुसऱ्या घरी गेला की परत येत नाही. आणि आबांच्या नावाने गावात दरवर्षी होणारी तेवढी एकच गोष्ट उरली होती.

एरवी फसलेली गाडी काढायला बैल लावतात. पण पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. तालुक्यातला प्रत्येक बैल सुट्टीवर असतो असा वर्षात एकच दिवस. फसायला मी तोच निवडला होता.

तरी मी घाबरले नाही. मी वाचलेली बाई होते. जीपचं माहितीपुस्तकही मी टाचणं काढून वाचलं होतं. पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा ओढला, गिअर टाकला, गॅस दिला. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक गरगर फिरलं आणि माझ्या इस्त्रीच्या पातळावर नक्षी उमटली. उरलेली दोन चाकं घट्ट जमिनीवर स्वस्थ बसून होती, लग्नातल्या व्याह्यांसारखी.

असं का होतं ते मला ठाऊक होतं. अर्धं आबांनीच शिकवलेलं. "औत वळवताना आतला बैल जागच्या जागी पाय उचलतो, बाहेरचा मोठा फेरा घेतो. दोघांना सारखंच चालवलं तर जू मोडेल. चाकांचंही तसंच. म्हणून दोन चाकांच्या मधे डिफरन्शियल. ज्याला जेवढं फिरायचं तेवढं फिरू देतं." हा झाला गुण. अवगुण मला पुस्तकातून कळला. डिफरन्शियल दोन्ही चाकांना जोर सारखाच वाटून देतं. चिखलातलं चाक फुकट फिरतं, त्याला जोर लागतच नाही. मग घट्ट जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ काहीच मिळत नाही. पुढचं एक आणि मागचं एक चाक सुटलं की चार चाकांनी ओढणारी जीप एकाही चाकाने ओढत नाही.

एवढं ज्ञान असलेल्या बाईने काय करावं? मी तासभर दगड गोळा केले आणि घट्ट बसलेल्या चाकांना लावले. कामाची चाकं ती, तेव्हा आधार त्यांना द्यावा, असा माझा विचार. मधूनमधून गॅस देऊन सिद्धान्त तपासत होते. तो दर वेळी खरा ठरत होता आणि जीप चार बोटं खाली जात होती.

ऊन कलल्यावर गावाकडून सोजराबाई आली. तिचा नवरा इंद्रभान आमचं शेत करायचा, बैलही तोच सांभाळायचा. तिच्या डोक्यावर पराट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांचा भारा होता.

"फसली का ताई?" जेवलात का, असं विचारावं तसं तिने विचारलं.

"तुला कसं कळलं?"

"मले काय कळते! हे म्हणे, पोरगी अजून आली नाही, म्हणजे नाल्यापाशी फसून राह्यली असन. जाय भारा घेऊन."

"आबा तर दरवर्षी याच वाटेने यायचे."

"हाव. अन् दर सालले इथंच फसत होते."

"आबांची जीप कधी फसली नाही," मी म्हटलं. वर्गात चुकीची सनावळी दुरुस्त करते त्या आवाजात.

आबांना भाऊ म्हणणाऱ्या सोजराबाईने भारा खाली टाकला. "कोन सांगे, भाऊच ना? आमाले बी सांगून ठेवलं होतं, पोरीले बोलू नका म्हणून. पोया आला का हे भारा बांधून ठेवत. औंदा म्या म्हटलं, भाऊ नाहीत, आता काहाले बांधता? तं म्हणे, जीप थेच हाय, नाला थोच हाय, पोरगी येईन."

मी थोडा वेळ रेडिएटरकडे पाहत राहिले. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं. डिफरन्शियलचा अवगुण आबांनी मला का शिकवला नाही, ते तेव्हा लक्षात आलं. शिकवायचा तर फसल्याचं कबूल करावं लागलं असतं.

"हे गोटे कोनं लावले?" सोजराबाई विचारत होती.

"मी."

"त्या चाकायले काय झालं? बसली हायेत ना चांगली! जे फिरून राह्यलं त्याच्याखाली घाला." तिने पराट्या मोडून फिरणाऱ्या दोन्ही चाकांखाली कोंबल्या आणि स्वतः जीपमध्ये चढून मागच्या उजव्या कोपऱ्यावर, त्या चाकाच्या बरोबर वर, पदर खोचून बसली. "मी इथंच बसत असतो. भाऊ म्हणत, सोजरा, तुयासारखं वजन तालुक्यात नाही. चालवा आता, हळू."

फिरत्या चाकाला पकड मिळाली, की जेवढा जोर त्याला तेवढाच दुसऱ्याला. माझ्याच टाचणात होतं हे. मी हळू गॅस दिला. पराट्या कडकडल्या, बसलेले व्याही उठले आणि जीप वर आली.

"आता विहिरीवर चला," सोजराबाई म्हणाली. "भाऊ चाकं धूत, तोंड धूत, मंगच गावात जात."

मी देवळाकडे पाहिलं. ऊन फक्त कळसावर उरलं होतं. मी तशीच गावात शिरले.

तोरणाखालची जागा अजून मोकळी होती. बाजूला आमची जोडी धरून इंद्रभान उभा होता आणि त्याच्यापुढे रंगरावकाका आपली जोडी घेऊन. सगळ्या गावाने आधी जीपकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आम्ही दोघी सारख्याच रंगाच्या होतो.

"काय वं मंजुळा," काका म्हणाले, "फसली होती का?"

माझ्या भुवईवरून चिखलाचा एक थेंब ओघळत होता. तो मी पुसला नाही.

"नाही काका. आबांची जीप फसत नसते."

मागे सोजराबाई खोकली. काका माझ्या पातळाकडे पाहत राहिले.

"हाव," ते म्हणाले. "दादा बी असंच म्हणे." आणि त्यांनी आपली जोडी दोन पावलं मागे घेतली.

इंद्रभानने कासरा माझ्या हातात दिला.