विनोदाच्या पानावर मिस विंगेट

मुलींना लॅटिन आणि भूमिती शिकवल्यानं जगबुडी येत नाही, हे मॅसॅच्युसेट्समधल्या त्या नव्या कॉलेजला विश्वस्तांना सारखं पटवून द्यावं लागे. ते काम कॉलेजच्या मासिकाचं. आणि मासिकातलं विनोदाचं पान एल्मिरा थॅक्स्टरच्या गळ्यात पडलेलं. प्रत्येक विनोद आधी लॅटिनच्या मिस विंगेटना दाखवायचा, असा नियम होता.

"मटणाच्या रश्श्यात मटण शोधायला भूगर्भशास्त्राचा वर्ग नेला," मिस विंगेटनी चष्मा सावरत वाचलं. "मग सापडलं का?"

"नाही, बाई. तोच तर विनोद आहे."

"म्हणजे वर्ग वाया गेला. शिवाय स्वयंपाकीणबाईंना काय वाटेल? काढून टाक. आणि या दुसऱ्या विनोदातली मुलगी भूमितीचं पुस्तक उशाखाली घेऊन का झोपते?"

"म्हणजे रात्रीतून प्रमेयं डोक्यात शिरतील."

"तशी शिरत नाहीत. वाचणाऱ्या मुली खरं समजतील."

अशा रीतीनं पान कोरं झालं. एल्मिरा खोलीवर आली ती पाय आपटतच. "दगडाला पाझर फुटेल," ती मैत्रिणीला, डॉर्कसला म्हणाली, "पण या बाईंना हसू फुटायचं नाही! उद्या छापखान्यात काय देऊ, माझं कपाळ?"

"अगं, बाई जे बोलल्या तेच दे."

रागाच्या भरात एल्मिरानं तेच केलं. बाईंचा शब्द न् शब्द उतरवून वर मथळा दिला : 'विनोद लिहिणाऱ्या मुलींना सूचना'. मिस विंगेटनी तो वाचला, एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि म्हणाल्या, "हे बरं लिहिलंस. कामाचं आहे."

अंक आला त्या सकाळी जेवणघरात नुसता कल्लोळ झाला. एकीच्या नाकातून दूध आलं. जिन्यात, बागेत, अगदी प्रार्थनेला जातानाही मुली एकमेकींना विचारत होत्या, "मटण सापडलं का गं?" एल्मिराच्या स्वतःच्या विनोदांना आजवर कुणी इतकं हसलं नव्हतं, हे तिला चांगलंच झोंबलं.

संध्याकाळी मिस विंगेटचं बोलावणं आलं.

"मुली मला बघून हसतात," बाई म्हणाल्या.

एल्मिरानं माफी मागायला तोंड उघडलं, पण बाई थांबल्या नाहीत.

"इतकी वर्षं मी आले की भिंतीला चिकटून उभ्या राहायच्या. आज दोघी हसत माझ्याबरोबर चालत आल्या, मी कशी आहे म्हणून विचारलं. चांगला सल्ला दिला की पोरींना कळतो बघ." त्यांचे गाल चक्क गुलाबी झाले होते. त्यांनी कागदांची चळत पुढे केली. "पुढच्या अंकासाठी. विनोदात बकरी का आणू नये, याची कारणं मी सविस्तर लिहिली आहेत."

खरं काय ते एल्मिराच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"छापते, बाई," ती म्हणाली.

"सांगितलंस?" खोलीवर डॉर्कसनं विचारलं.

"नाही! आणि कुणी सांगितलं, तर गाठ माझ्याशी आहे!"

जागा करायला तिनं स्वतःचा सगळ्यात आवडता विनोद पानातून काढला आणि बाईंचे कागद वाचायला घेतले. 'बकरीला आपली बाजू मांडता येत नाही,' या कारणापाशी येताच ती खो खो हसली, आणि मग तिला आणखीच राग आला.