पाचवी मूठ

फडक्याची गाठ पुन्हा सैल झालेली... गाठीखाली तुपाचा एक डाग उमटला होता, आणि सुनंदा तो बोटाने चोळत बसली होती. चोळून तो पसरतोच आहे हे दिसत असूनही. फडक्यात स्टीलचा डबा, डबा मांडीवर, आणि ती वॉटर पार्कच्या गेटबाहेरच्या सिमेंटच्या ओट्यावर. आत पाणी कोसळत होतं, पंधरा ऑगस्टची गाणी लागली होती आणि पोरांचा कालवा चालला होता. त्या कालव्यात तिच्या दोघी होत्या, हर्षला आणि चिनू. दर किंकाळीला वाटायचं – ही चिनूची.

"बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, ताई," गेटवरचा माणूस म्हणाला होता, सभ्यपणेच. चिवडा असता तर त्याच्या टेबलावर ठेवून मोकळे झालो असतो. पण डब्यात श्रावणातल्या कानबाई देवीच्या नैवेद्याचे रोट होते. पुनवेच्या आत संपवायचे, घरच्यांनीच खायचे, परक्याच्या हाती द्यायचे नाहीत, कण सांडायचा नाही... हे त्या गेटवाल्याला काय सांगणार, कपाळ? रोट सोबत घेण्याची कल्पना सासूबाईंची, आणि बांधून घेतले आपणच – म्हणजे चूक आपलीच, नेहमीसारखी. नवरा, रतिलाल, म्हणाला, "इथंच खाऊन टाकू." पण पोरी पोहे खाऊन आलेल्या, एकेक घास गालात धरून नुसत्या उभ्या राहिल्या. शेवटी सासूबाईंनी निकाल दिला. घरात त्यांना सगळे अक्का म्हणत.

"सुनंदा, तू बठ आठे. रोट एकला सोडाना नहीं."

आणि लुगडं वर खोचून त्या स्वतः आत गेल्या. साठीच्या बाईला घसरगुंडी बघायची होती. बघू दे बापडीला. चिनू मात्र मागे वळून वळून विचारत होती, "तू येशील ना गं मोठ्या घसरगुंडीवर? माझ्यासोबत?" आणि ही म्हणाली, "आत्ता येते." आत्ता... मुलांना किती सहज फसवतो आपण, आणि ती किती सहज फसतात.

थकवा आजचा नव्हता. पहाटे उठून पोहे केले, पोरींच्या वेण्या घातल्या, पिंप्राळ्याहून रिक्षा, मग एसटीत उभ्याने – तेवढ्याने कुणी असं दमत नाही. हा थकवा मागच्या वर्षीपासून हाडात बसलेला. तिसऱ्या महिन्यात पोटातलं पडलं तेव्हापासून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, अंगात रक्त नाही, आता घाई करू नका. रतिलालने मान हलवली होती. घाई करू नका म्हणजे करा, पण सावकाश – असाच अर्थ घरी आला.

आणि मग मागच्या आठवड्यात, रोटाचे गहू निवडताना...

घरातल्या पुरुषागणिक एक मूठ घ्यायची, ही रीत. अक्का मोठ्याने नाव घेऊन गहू सुपात टाकत होत्या. रतिलालची मूठ. धुळ्याच्या दिराची, कौतिकची. कौतिकच्या दोन पोरांची. चार झाल्या. हर्षला बाजूला बसून विचारत होती, माझी कुठली? अक्कांनी पुन्हा हात घातला, मूठ कपाळाला लावली.

"ही येणारानी मूठ. कानबाई मायले बठ्ठं माहीत शे."

असं कुणी केलेलं सुनंदाने जन्मात ऐकलं नव्हतं. शिरपूरला माहेरीही नाही. जो अजून पोटातही नाही त्याचे गहू... तिने रतिलालकडे पाहिलं. तो दाराशी पेपर वाचत होता. त्याने पान उलटलं. ऐकलं होतं त्याने. ऐकल्याशिवाय माणूस अर्ध्यात पान उलटत नाही.

पाचही मुठी एकत्र दळल्या गेल्या, एकत्र मळल्या गेल्या. म्हणजे प्रत्येक रोटात थोडा थोडा तो आहेच. तीन दिवस मी तो खाते आहे, गंगाफळाच्या भाजीशी, घशाखाली ढकलून. आणि आता मांडीवर घेऊन बसले आहे... माझ्या दोघी, ज्यांची मूठ नाही, त्या आत भिजताहेत, आणि जो नाही त्याला सांभाळत मी बाहेर.

हे मनात आलं आणि तिला एकदम रडू आलं. तिथेच, तिकिटाच्या रांगेसमोर. तिने पदराने तोंड पुसलं. मला नको, ती मनात म्हणाली. मग ओठ हलवून म्हणाली. इतके दिवस हे शब्द तिने स्वतःशीही उच्चारले नव्हते. कुणी तरी ऐकेल अशी भीती होती. कुणी ऐकलं नाही. रांग पुढे सरकली.

दुपार कलताना रतिलाल बाहेर आला. पँट गुडघ्यापर्यंत ओली, केस विस्कटलेले, आणि चेहरा... तोही दमलेला दिसत होता. तो शेजारी बसला आणि तिच्या मांडीवरून डबा उचलून त्याने स्वतःच्या मांडीवर घेतला.

"जा तू आता. चिनू जिन्यावर बसून आहे. आई आल्याशिवाय घसरत नाही म्हणते."

ती उठली नाही.

"पुढच्या वर्षी पाचवी मूठ घ्यायची नाही," ती म्हणाली. "मला आता मूल नको. ना पुढच्या वर्षी, ना कधी."

त्याने फडक्याची सैल गाठ घट्ट आवळली. ती थांबली – का, विचारेल. वेड लागलं का, म्हणेल. कदाचित डबा परत देऊन आत निघून जाईल.

"अक्काले कोण सांगी?" तो हळूच म्हणाला. एरवी तिच्याशी तो शुद्ध बोलायचा.

का नको, हे त्याने विचारलं नव्हतं. म्हणजे त्यालाही... कधीपासून? तो पेपर उलटत होता तेव्हाही? मग तेव्हा बोलला का नाही हा माणूस, एक शब्द? तिला राग यायला हवा होता. आलाही, पण त्या रागाच्या आत दुसरंच काही होतं, हलकं आणि घाबरवणारं, आणि त्याला काय नाव द्यायचं ते तिला कळेना.

"मी सांगीन," ती म्हणाली आणि उठली. पायाला मुंग्या आल्या होत्या. आत अक्का असतील, ओल्या लुगड्याने, खुशीत... त्यांच्यासमोर हे तोंडातून निघेल का, कुणास ठाऊक. आपण आत्ता चिनूकडे चाललो आहोत की अक्कांकडे, हे गेटमधून आत शिरतानाही तिला नक्की सांगता आलं नसतं.