लेस काढलेला डावा बूट

"ज्याला घरी जायचं की नाही हे ठरवू देत नाही, त्याला मरायचं की नाही हे कसं ठरवू देता?"

बारक्याने हे वॉर्डच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, नर्सला विचारलं, लिफ्टमध्ये भेटलेल्या एका वकिलालाही विचारलं. तो वकील दुसऱ्याच कुणाचा होता. शेवटी शवागाराबाहेरच्या बाकावर मला मांडीवर घेऊन त्याने मलाच विचारलं. मी एक बूट, डाव्या पायाचा. मी काय सांगणार?

मी आणि उजवा, आम्ही दादाचे. बारक्याचा थोरला भाऊ, म्हणून आमचाही दादाच. आमचे तळ झिजले तेव्हा बारक्याने जुन्या टायरचे नवे तळ ठोकले. तो पंक्चरच्या दुकानात काम करतो. "आता हवं तेवढं फीर, घसरणार नाहीस," म्हणाला. दादा खरंच फिरायला लागला.

आधी संध्याकाळी. मग दिवसभर. मग मोठ्या रस्त्याच्या मधोमध, ट्रक अंगावर येत असताना. आपण थांबलो तर घरातलं कुणीतरी जाईल, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. आई गेली तेव्हा तो झोपला होता. तिथून हे सुरू झालं असेल, नसेल. मला एवढंच माहीत, की माझ्या आत त्याच्या टाचेला जखम झाली, मोजा चिकटला, तरी तो चालतच राहिला. साखरेच्या आजाराने पाय बधिर झाला होता. त्याला दुखत नव्हतं. ओल मलाच लागत होती.

एकदा पुलावर एक ट्रक त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबला. मग बारक्याने सही दिली आणि दादाला हॉस्पिटलच्या मनोरुग्ण वॉर्डात कोंडलं. कोंडलं हा बारक्याचा शब्द. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "कायद्याने ठेवून घेतलंय. त्यांच्या जिवाला धोका आहे."

तिथे आमच्या लेस काढून घेतल्या. कुणी गळ्याला लावू नये म्हणून सगळ्यांच्याच काढतात. तेव्हापासून दादाने पाऊल उचललं की मी मागे राहायचो.

"घरी जाताना लेस तू बांध रे," दादा म्हणाला. "मला हल्ली वाकवत नाही."

गोळ्यांनी दादा निवळला. थट्टा करायला लागला. टाच मात्र काळी पडली. सर्जन म्हणाले, गुडघ्याखालून पाय काढला नाही तर विष अंगभर पसरेल. दादा म्हणाला, "नको."

बारक्या धपकन पलंगावर बसला. "दादा, एक चाक गेलं तरी गाडी घरी आणता येते. मी रोज आणतो."

"मी ट्रक आहे का?"

"ट्रकने ऐकलं असतं."

"दोन पायांवर आलोय, दोन पायांवर जाईन."

"आणि मेलास म्हणजे?"

"तर मेलो. कळतंय मला, बारक्या. सर्जन काय म्हणाले ते परत सांगू?" आणि त्याने सांगितलं. बिनचूक.

सगळं तिथेच अडलं. दादाला स्वतःचं ठरवता येतं का, ते तपासायला तीन जणांचं मंडळ आलं. त्यातल्या एकाने दादाला विचारलं, "पाय चालण्यासाठी हवाय का? थांबलात तर घरचं कुणी जाईल, असं अजून वाटतं?"

"नाही वाटत," दादा म्हणाला.

तेव्हा त्याची उजवी टाच उजव्या बुटात हळूच उठत होती, टेकत होती. तो चालत होता, की पाय नुसता हलत होता? मी उजव्याला विचारलं. त्यालाही सांगता आलं नाही.

मंडळ गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी बारक्याला समजावलं. "प्रत्येक निर्णय वेगळा पाहावा लागतो. बाहेर सोडलं तर ते पुन्हा रस्त्यावर जातील, तिथे त्यांचा आजार बोलतो. पण पायाचं त्यांना समजतंय, लक्षात राहतंय, तोलता येतंय. मग नको म्हणायचा हक्क त्यांचाच."

"म्हणजे अर्धा वेडा, अर्धा शहाणा. आणि मरायचं काम शहाण्याकडे?"

बाई चष्मा पुसत राहिल्या.

"मी सही देतो, कापा."

"या गोष्टीला तुमची सही चालत नाही."

"आत घालायला चालली होती."

पुढे दादाची शुद्ध गेली. बारक्या धावत गेला. "आता तर त्याला काहीच कळत नाही ना? आता कापा."

"शुद्धीत असताना त्यांनी सांगून ठेवलंय," बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून डोळे टिपले. त्यांच्यावर चिडावं की नाही, हेही बारक्याला कळेना. त्याने भिंतीला लाथ मारली आणि मग पाय धरून खाली बसला.

आज सकाळी आमच्या लेस परत मिळाल्या. शवागारातल्या माणसाने आत बोलावलं. बारक्याने एकेका भोकातून लेस ओवली. उजवा सहज चढला. मी चढेना. पाय दुपटीने सुजला होता.

"राहू द्या भाऊ, आता कशाला?" तो माणूस म्हणाला.

बारक्या दुकानातून तसाच आला होता. त्याने खिशातून टायर कापायची सुरी काढली आणि मला टाचेपासून वरपर्यंत चिरलं. दादाचा पाय अलगद आत ठेवला. चिरलेल्या कडा जवळ ओढून वरून लेसचा वेढा दिला.

पाय आजाराच्या बाजूने बोलत होता की दादाच्या, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. आता पाय गप्प आहे आणि मी त्याच्याबरोबर निघालोय. बारक्या, आमचे तळ अजून धड आहेत, तुझ्या हातचे.

त्याने खाली वाकून लेस घट्ट ओढली, एक गाठ मारली, आणि सुटू नये म्हणून तिच्यावर दुसरी.