तेहोचं टिपण

"मम, व्हॉट डिड यू डू?"

ईशानीचा फोन आला तेव्हा चित्रा वॉटरफोर्डच्या घरात रविवारचे पोहे परतत होती. आईनं काहीही विचारलं तरी 'ग्रँड' म्हणून मोकळी होणारी मुलगी, आणि आज तिच्या तोंडातून शब्द धड फुटत नव्हता.

"काय झालं गं?"

"तेहोच्या आईनं दिलेलं ते रॅप केलेलं… तू परत पाठवलंस? शी थिंक्स वी सेड नो. मम, परत पाठवणं म्हणजे नो! लग्न मोडलं असं होतं त्यांच्यात!"

चित्रानं गॅस बंद केला. मोडलं? तिनं तर वर बेसनाचे लाडू ठेवले होते!

तेहो हा मेनूथच्या विद्यापीठात ईशानीबरोबर संशोधन करणारा कोरियन मुलगा. त्याची आई हान म्योंगसुक, त्याच गावात मुलांना पियानो शिकवते. नवरा गेल्यावर बाईनं एकटीनं मुलाला वाढवलं. चित्रा त्यांना हानबाई म्हणायची आणि त्याही आता या नावाला ओ देत. मागच्या महिन्यात त्या मुद्दाम वॉटरफोर्डला आल्या होत्या, आणि लाल-निळ्या रेशमी कापडात बांधलेली एक घडी त्यांनी दोन्ही हातांनी चित्राच्या हातात ठेवली होती. आत जाड कागदावर उभ्या ओळींत शाईनं अक्षरं काढलेली.

"हा तेहोचा साजू," ईशानीनं समजावलं होतं. साजू म्हणजे चार खांब. जन्माचं वर्ष, महिना, दिवस आणि वेळ. दर खांबाला दोन, अशी सगळी मिळून आठ अक्षरं. लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी यांतलं कुणाच्या वाट्याला किती आलंय ते त्या अक्षरांवरून बघायचं आणि माणसाचं पुढचं वाचायचं.

"म्हणजे टिपणच की!" चित्रा खूश झाली होती. राशी नाहीत, ग्रह नाहीत, पण शेवटी मुलाचं टिपण ते टिपण. आपल्याला सगळं कळलं असं तिला वाटलं, आणि घात झाला तो तिथेच. टिपण आलं की काय करायचं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. देवापुढे ठेवायचं, गुरुजींना विचारायचं, आणि मूळ कागद मानानं परत करायचा. दुसऱ्याचा मूळ कागद आपल्या घरात अडकवून ठेवणं तिच्या लेखी निव्वळ उद्धटपणा होता. म्हणून गेल्या आठवड्यात तिनं ती घडी होती तशी बांधली, लाडवांचा डबा जोडला आणि कुरिअर करून टाकली.

आता ईशानी हुंदके देत सांगत होती की साजू मुलीच्या घरी येतो तो कायमचा राहायला. तो ठेवून घ्यायचा आणि उलट टपाली लग्नाची तारीख कळवायची, एवढंच मुलीकडच्यांचं काम. सोयरीक नको असेल तरच साजू परत जातो.

"मग मी आत्ता फोन करते हानबाईंना."

"शी वोन्ट पिक अप! ती आज कोरियाला, बुसानला चाललीये, मम. तीनला एअरपोर्टची बस आहे. तिथे जाऊन तेहोच्या आजोबांना सांगणार की मुलीकडच्यांनी नाही म्हटलं. आणि वन्स ही हिअर्स इट, दॅट्स इट. तेहो म्हणतो, आजोबांच्या कानावर गेलेली गोष्ट त्यांच्या घरात कुणी फिरवत नाही."

पोहे तसेच राहिले.

नवऱ्याला, गिरीशला, आज हॉस्पिटलच्या ड्यूटीतून सुट्टी होती हे नशीबच. मेनूथकडे निघालेली गाडी हायवेला लागेपर्यंत तो बायकोला चिडवत होता. "लाडू पाठवून लग्न मोडणारी पहिली बाई तू," वगैरे. पाऊस असा बारीक की वायपर लावले तर करकरतात आणि बंद केले तर समोरचं दिसत नाही. कार्लो गावाच्या पुढे एका ट्रॅक्टरवाल्यानं सगळी रांग अडवून धरली. गिरीश "युअर मॅन निवांत आहे" असं त्या ट्रॅक्टरवाल्याबद्दल इथल्या ढंगात पुटपुटत राहिला, आणि चित्रा दर मिनिटाला घड्याळ बघत राहिली.

"पण गुरुजी काय म्हणाले होते?" त्यानं मधेच विचारलं. "तू विचारलं होतंस ना त्यांना?"

"बरं म्हणाले."

ते साफ खोटं होतं. तेहोची जन्मवेळ आणि गाव ईशानीकडून घेऊन तिनं पुण्याच्या गुरुजींना कळवलं होतं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला होता. गुण तेरा. छत्तीसातले निदान अठरा तरी जुळायला हवेत. आणि वर एकनाडी. "मुलाच्या आयुष्याला चांगलं नाही हो, चित्राताई. पुढे तुमची मर्जी." चित्रानं फोन ठेवला आणि तोंडाला कुलूप घातलं. ईशानीनं हसून उडवून लावलं असतं, गिरीशनं तर गुरुजींनाच वेड्यात काढलं असतं. ती मात्र मानणारी होती. या घराची किल्ली हातात घेतानासुद्धा तिनं मुहूर्त विचारला होता.

आता ओल्या काचेकडे बघताना तिला स्वतःचाच संशय आला. घडी परत पाठवली ती खरंच रीत म्हणून? की ती घरात नकोशी झाली होती? दोन्ही खरं होतं, आणि त्यातलं दुसरं खरं असल्याची तिला भयंकर लाज वाटली. पोरीचं सुख हातानं कुरिअरवाल्याला देऊन मोकळी झाले मी, असं तिच्या मनात आलं.

हानबाईंच्या दाराशी बॅग तयार होती. आत पियानो बंद, त्यावर पांघरूण. टेबलावर ती लाल-निळी घडी आणि न उघडलेला लाडवांचा डबा. तेहो खिडकीशी पाठमोरा उभा होता. ईशानी सोफ्याच्या टोकाला, डोळे सुजलेले. हानबाईंनी कोट घातलेला होता. त्यांनी मान लववली, पण बसा म्हटलं नाही.

चित्रानं उभ्यानंच बोलायला सुरुवात केली. तिचं इंग्रजी एरवी चांगलं होतं, आज मात्र अडखळलं. आमच्यात कागद परत करणं हा मान असतो. त्यावर गोड ठेवतात. मला तुमची रीत माहीत नव्हती, मी विचारायला हवं होतं, चूक माझी आहे, मुलांची नाही. मध्येच तिनं सरळ हात जोडले.

हानबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तेहो, चहा कर. तुम्ही सगळे आत जा."

तिघं स्वयंपाकघरात गेली. दार लागलं. हानबाई चित्राच्या समोर बसल्या. त्यांच्या बोटांना मात्र स्वस्थता नव्हती, ती टेबलावर आपली चालतच होती.

"मीही एक गोष्ट लपवली आहे," त्या हळूच म्हणाल्या. "साजू तुमच्याकडे आणण्याआधी मी बुसानच्या एका जाणत्या बाईंना दोघांची अक्षरं दाखवली होती. जन्मदिवसाचं अक्षर म्हणजे तो माणूस स्वतः. माझा मुलगा अग्नी आहे, लहानसा, दिव्याएवढा. आणि तुमच्या ईशानीच्या चारही खांबांत पाणी. त्या बाई म्हणाल्या, हे पाणी त्याला विझवेल."

चित्रानं टेबलावरच्या घडीकडे बघितलं.

"मी कुणालाच सांगितलं नाही. तेहोलासुद्धा नाही. मुलगी मला आवडते. मी स्वतःला म्हटलं, एक माणूस चुकू शकतो. आणि साजू घेऊन तुमच्याकडे आले." त्यांनी घडी जवळ ओढली. "मग तो परत आला. मला वाटलं, तुमच्या गुरुजींनाही तेच दिसलं. दोन देश, दोन वेगळी शास्त्रं, आणि तीच गोष्ट. दोघं कसे चुकतील? म्हणून मी भांडले नाही, विचारलंसुद्धा नाही. तिकीट काढलं."

"हानबाई…"

"तुमची चूक मला समजली. ती मी विसरले. पण तुम्ही त्यांना विचारलं असणार, तुम्ही विचारणाऱ्यातल्या आहात. ते काय म्हणाले? मला नवरा नाही, हा एकच मुलगा आहे. त्यांनी वाईट सांगितलं असेल तर मी आत्ता बस पकडते, आणि मग तो कितीही रडला तरी हे लग्न होऊ देणार नाही. खरं सांगा."

स्वयंपाकघरातून किटलीचा आवाज येत होता. कप कुठल्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, आहेत असं गिरीश विचारत होता, आणि तेहोनं काहीतरी उत्तर दिलं त्यावर ईशानी रडता रडता हसली.

तेरा. चित्राच्या जिभेवर तो आकडा अगदी तयार होता. समोर एक आई बसली होती, हिच्यासारखीच मानणारी, हिच्याइतकीच भ्यालेली. तिच्याशी खोटं बोलणं म्हणजे पाप होतं, त्यात चित्राला शंका नव्हती. उद्या त्या मुलाला काही झालं तर ते कुणाच्या माथी येणार हेही तिला स्वच्छ दिसत होतं. गुरुजींवर तिचा पूर्ण विश्वास होता. आता बुसानच्या बाईंवरही बसला होता.

"एकतीस," ती म्हणाली. "छत्तीसपैकी एकतीस गुण."

"म्हणजे चांगलं?"

"उत्तम. इतके सहसा कुणाचे जुळत नाहीत."

हानबाई तिच्या डोळ्यांत बघत राहिल्या. चित्रानं नजर हलू दिली नाही. आयुष्यात इतकं सरळ बघून ती कधी खरंही बोलली नव्हती.

मग हानबाईंचे खांदे खाली आले. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि आवाज न करता रडल्या. रडून झाल्यावर रुमालानं नीट तोंड पुसलं, उठल्या, ती घडी दोन्ही हातांत घेतली आणि पुन्हा चित्रापुढे धरली. चित्रानंही ती दोन्ही हातांनी घेतली.

"आता तारीख तुमच्याकडून," हानबाई म्हणाल्या. "सासऱ्यांना मी तीच सांगेन. गुरुजींना विचारून कळवा."

"विचारायला नको," चित्रा म्हणाली. "मे महिन्यातला पहिला शनिवार."

दार उघडलं. बाहेर काय ठरलं ते कुणाला विचारावं लागलं नाही, हानबाई लाडवांचा डबा उघडत होत्या. ईशानी आईच्या गळ्यात पडली. गिरीश म्हणाला, "चला, बसपर्यंत मी सोडतो," आणि बॅग उचलून गाडीत ठेवायला गेला.

तेहो पुढे आला. ईशानीनं त्याला कधीतरी शिकवून ठेवलं असावं, कारण तो चित्रासमोर वाकला आणि त्यानं तिच्या पायांना हात लावला. जरा चुकीचा, दोन्ही गुडघे टेकून, पण मनापासून. चित्रानं घडी काखेत धरली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केस मऊ होते, पावसात भिजून आल्यासारखे ओलसर. जावयाला म्हणतात ते 'सुखी राहा' तिच्या ओठांवर आलंच नाही.

"औक्षवंत हो," ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "औक्षवंत हो, बाळा."

"मम, ही डझन्ट नो व्हॉट दॅट मीन्स," ईशानी हसत म्हणाली.

तेहो उठायला लागला. चित्रानं हात काढला नाही.

"औक्षवंत हो," ती तिसऱ्यांदा म्हणाली.