कडू घास

बन्सीधर शेटनी पुस्तकांचं बोचकं टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "माणिकराव, हे वाचून काढा. माणसं तुमचं ऐकत नाहीत. संक्रांतीला मी परत येतो. तेव्हाही हेच दिसलं तर मला दुसरा मॅनेजर बघावा लागेल."

सेलूच्या स्टेशनामागची कपाशीची जिन, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, शेटची. शेट राहायचे जालन्याला. मराठवाडा हैदराबादेतून सुटून मुंबई राज्यात आला तसे ते उठसूट मुंबईला जायचे आणि येताना एखादं नवं खूळ घेऊन यायचे. या खेपेचं खूळ पुस्तकांचं होतं. मॅनेजरनं माणसं कशी हाताळावीत, कसं बोलावं, पुढारपण कसं करावं. माणिकरावांनी नुसतं "जी" म्हटलं. नोकरी जाईल याचं भय वाटायला हवं होतं. पण कार्तिकात पार्वतीबाई तापानं गेल्या, तेव्हापासून त्यांना कशाचंच काही वाटत नव्हतं.

बायकोला अग्नी दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माणिकराव जिनवर हजर. कपाशीच्या गाड्या फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत लागल्यात, हंगाम काही कुणाच्या मरणासाठी थांबत नाही, असं ते विचारणाऱ्याला सांगायचे. खरं कारण निराळं होतं. घरात लेकरूबाळ नाही, चुलीपुढं पार्वतीबाईंचा पाट तसाच मांडलेला. त्या पाटाकडं बघत बसण्यापेक्षा इंजिनाची धडधड बरी. दहाव्यालासुद्धा पिंड ठेवले आणि दुपारी हा गडी परत खुर्चीत.

तेव्हापासून जिनमधली माणसं बदलली. हाक मारली की मान खाली. काम व्हायचं, पण ढकलल्यासारखं. जेवणाची सुटी संपल्याचा भोंगा झाला तरी बाया रेंगाळत उठायच्या. शेटना तेवढंच दिसलं होतं.

माणिकरावांचं शिक्षण निजामाच्या शाळेत, उर्दूत झालेलं. मराठीच्या बाळबोध अक्षरावर बोट ठेवून ते ओळीओळीनं पुढं सरकत. एका पुस्तकात लिहिलं होतं, सकाळी कामगारांना हसतमुखानं सामोरं जावं. दुसऱ्या दिवशी ते फाटकात उभे राहिले आणि येईल त्याच्याकडं बघून हसले. हसले म्हणजे ओठ ताणले. नुकतीच बायको गेलेला माणूस दात दाखवतोय म्हटल्यावर बायांनी तोंडाला पदर लावले. इंजिनवाला आश्रुबा पुटपुटला, "सायेब हासायलेत की रे! डोक्यावर परिनाम झालाय जनू."

दुसऱ्या पुस्तकात होतं, चारचौघांत तारीफ करावी. माणिकरावांनी वालूरच्या कासाबाईची केली, तर ती बिचारी इतकी घाबरली की दुपारनंतर कामावर आलीच नाही. मुंबईत बसून लिहिणाऱ्याचं काय जातं? उंटावरून शेळ्या हाकायच्या. पण माणिकरावांना हसूही आलं नाही आणि रागही आला नाही. त्यांनी पान उलटलं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी ते तिसऱ्या पुस्तकातल्या एका ओळीशी आले. मॅनेजरनं कधीतरी आपल्या माणसांत बसून जेवावं. दुपारी ते खानावळीचा डबा घेऊन लिंबाखाली गेले. बाया भाकरीची फडकी सोडून जेवायला बसल्या होत्या.

"बसू का इथं?"

बायांनी सरकून जागा दिली. ते बसले. सगळ्यांचे हात थांबले. पुस्तकात पुढं काय करायचं ते लिहिलेलं नव्हतं, म्हणून तेही डबा न उघडता बसून राहिले.

शेवटी त्यांच्यातली सगळ्यांत जुनी, कोंडाबाई बोलली. "सायेब, एक इचारू का? त्या दिशी दाराला कुलूप का घातलं व्हतं?"

"कोणत्या दिवशी?"

"बाई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिशी. आमी समद्याजनी कडू घास घेऊन आलो व्हतो. पिठलं-भाकरी."

मयताच्या घरी चूल पेटत नाही. जवळची माणसं भाकरी घेऊन जातात, घरच्याला बळंच दोन घास भरवतात, आणि मग दुःखाचं बोलायला तोंड उघडतं. हे माणिकरावांना ठाऊक नव्हतं असं नाही. जिनवरच्या बाया आपल्याला जवळचं माणूस समजतात, हे मात्र त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

"मग काय केलं त्या भाकरीचं?"

"गाईला घातली. तसली भाकर माघारी घरी कशी न्यावी? तवाधरनं तुमच्याशी कोन्या तोंडानं बोलावं, कळंना. घरी यावं तर तुमी घरी न्हाई. आन् कामावर असलं कुनी बोलत न्हाई."

माणिकराव म्हणाले, "मला घरात बसवलं नाही, बाई."

कोंडाबाईनं आपल्या भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर ठेचा लावला आणि त्यांच्यापुढं धरला. "घ्या. लय उशीर झालाय, पन घ्या."

त्यांनी घास तोंडात घातला. कार्तिकापासून ते जेवत होते, पण कशाची चव लागली नव्हती. ठेचा जिभेला झोंबला. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही. बायाही जेवायच्या थांबून तशाच बसून राहिल्या.

भोंगा झाला. एकही बाई हलली नाही. दुखवट्याला बसलेलं माणूस घरच्याच्या आधी कसं उठेल? बऱ्याच वेळानं माणिकराव उठले, तशा सगळ्याजणी एकदम उठल्या आणि कामाला लागल्या.

शेट एक दिवस आधीच येऊन ठेपले होते. फाटकातून त्यांनी हे पाहिलं आणि खूश होऊन पुढं आले. "वा, माणिकराव! भोंग्याला नाही उठल्या, तुम्ही उठलात तशा उठल्या! कोणत्या पुस्तकाची ही करामत? आपल्या परभणीच्या जिनच्या मॅनेजरलाही तेच धाडतो."

माणिकरावांनी ऑफिसातून बोचकं आणलं आणि त्यांच्या हातात दिलं. "शेटजी, मला घरी जाऊ द्या."

"ऐन हंगामात? मग ही खुर्ची मी रिकामी ठेवू शकत नाही, सांगून ठेवतो."

"नका ठेवू," माणिकराव म्हणाले. "माझं बसायचं राहिलंय."

घरी येऊन त्यांनी कुलूप काढलं, दाराच्या दोन्ही फळ्या उघड्या टाकल्या आणि पार्वतीबाईंच्या पाटासमोर भिंतीला टेकून ते खाली बसले. संध्याकाळी सुटीचा भोंगा झाला. थोड्या वेळानं अंगणात बायांची पावलं वाजली, आणि तेव्हा कुठं माणिकरावांना रडू फुटलं.