सोयाबीनची लावणी

दमयंतीने शेवटचं रोप चिखलात रोवलं आणि कंबरेवर हात ठेवून ती उभी राहिली. घरामागच्या तुकड्यात तिने सकाळीच बांध घालून पाणी तुंबवलं होतं. आता त्यात अशा सरळ ओळी, की बघत राहावं. गव्हाण गावातली भातशेती गेल्यापासून हातांना लावणी मिळाली नव्हती, पण हात काही विसरले नव्हते.

सोयाबीन सुनेचं, समीक्षाचं. लातूरहून, वडिलांच्या शेतातलं बी आणून तिने भिंतीलगत दाट पेरलं होतं. आधी वाकड्या मानेचे कोंब आले, मग दोन जाड दळं, मग समोरासमोर दोन पानं. कामावर निघण्याआधी ती रोज वाकून बघायची. पहिलं त्रिदळ फुटलं त्या दिवशी चक्क हसली. लग्नानंतर या घरात इतकी मोकळी हसलेली दमयंतीने प्रथमच पाहिली. आणि नेमकं तेव्हाच शेजारच्या रंभेसमोर दमयंतीच्या तोंडून निघून गेलं, "आमी भातवाली मानसा. ह्या कसला तनकट लावलाय इनं!"

समीक्षाने ते ऐकलं. तेव्हापासून ती विचारल्यापुरतीच बोलत होती. म्हणून आजचा हा खटाटोप. इतकी दाट रोपं म्हणजे भातासारखी उपटून लावायचीच असणार; पोरीला सुट्टी नाही, तर आपण लावून टाकू.

संध्याकाळपर्यंत रोपांनी माना टाकल्या. भातही आधी झोपतं, मग उठतं, म्हणून दमयंती निश्चिंत होती. समीक्षा आली आणि खांद्यावरची बॅगही न उतरवता बघत राहिली.

"आई, हे..."

"लावून टाकला. तुला टाइम कुठं हाय?"

समीक्षाने खाली बसून एक रोप चिखलातून सोडवलं.

"सोयाबीन उपटून लावत नाहीत, आई. उगवतं तिथेच वाढतं. आणि पाणी तुंबलं की मरतं."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"काय गो, सुनंचा सोयाबीन झोपला का?" रंभेने कुंपणावरून विचारलं.

दमयंतीचे कान तापले.

"मीच दाट पेरलं होतं, काकी," समीक्षा म्हणाली. "चुकलं माझं."

दमयंतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नाय गो रंभे," ती कशीबशी म्हणाली. "तिचा काय नाय चुकला. मी मारला."

रंभा आत गेली. समीक्षाही घरात गेली आणि डबा घेऊन आली. तळाशी थोडं बी उरलं होतं. दमयंतीने चिखलाचे हात पाठीमागे नेले.

"तूच टाक. माजा हात नको त्याला."

"आधी बांध फोडा," समीक्षा म्हणाली. "आणि जमीन सुकली की ओळी तुम्हीच धरा. मला इतक्या सरळ येत नाहीत."

दमयंतीने बांध फोडला. पाणी वाहून गेलं, तरी तोंड समीक्षाला दिसू नये म्हणून ती वाकूनच राहिली.